मराठी माध्यमाच्या दुसरीत इंग्रजी: उतरवून काढता येते, वाचता येत नाही

शाळेची_घंटा

महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेतली दुसरी. पट ३६, रोज साधारण ३० हजर. दुपारचे सत्र, तासिका ३५ मिनिटांची. मुले फळ्यावरचे इंग्रजी वळणदार अक्षरात उतरवून काढतात, ‘ए फॉर ॲपल’ झेडपर्यंत घडाघडा म्हणतात, पुस्तकातली कविता हावभावांसह म्हणून दाखवतात. पण पुस्तकात नसलेला तीन अक्षरांचा शब्द समोर ठेवला की गप्प. ‘मॅट’ लिहिले तर ‘एम, ए, टी’ एवढे म्हणून थांबतात. निम्म्या मुलांच्या घरी मराठी नाही. हिंदी, भोजपुरी किंवा दखनी बोलतात. घरून इंग्रजीची मदत जवळजवळ नाहीच.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले २००० साली. इतक्या वर्षांनंतरही वर्गात इंग्रजी म्हणजे बहुतेक वेळा नक्कल आणि पाठांतरच, म्हणून हा धागा. ‘आनंददायी वातावरण ठेवा’ याच्या पुढचे, उद्या वर्गात करता येईल असे हवे आहे. अक्षरांची नावे आधी की आवाज? उच्चार देवनागरीत लिहून द्यावा का? वर्गात तीन पातळ्यांची मुले असतील तर बसवायचे कसे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

टिळकनगर_हार्बर

शिकवायच्या आधी तपासा. सगळा वर्ग एका सुरात वाचतो तेव्हा पुढची पाच-सहा मुले वाचत असतात आणि बाकीची अर्ध्या क्षणाच्या अंतराने त्यांचे ऐकून म्हणत असतात. समोर उभे राहून हे कळत नाही.

एकेका मुलाला टेबलाजवळ बोलवा, दोन मिनिटे पुरतात. एका कागदावर दहा लहान अक्षरे, क्रम मोडून. खाली पाच शब्द: ‘नॅप’, ‘सिट’, ‘पॉट’ असे तीन खरे आणि ‘फिम’, ‘टॅव’ असे दोन निरर्थक. निरर्थक शब्द मुद्दाम घ्यायचे, ते कोणाचे पाठ नसतात. मूल आवाज जोडते आहे की आठवते आहे हे तिथे समजते. शेवटी दोन सोपी वाक्ये. जिथे अडेल तिथे थांबा, पुढचे विचारू नका. दिवसाला आठ मुले घेतली तर चार दिवसांत वर्ग होतो, तोवर बाकीच्यांना चित्र किंवा लेखनाचे काम. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीतल्या इंग्रजी चाचणीची उतरंडही अशीच आहे: मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द, सोपी वाक्ये. आपल्याकडे मोठ्या अक्षरांवर फार वेळ जातो. पुस्तकाच्या पानावर बहुतेक सगळी अक्षरे लहान लिपीतली असतात, म्हणून तपासणी लहान अक्षरांचीच करा.

आणखी एक गोष्ट याच कागदाच्या मागे करा: मराठीतले पाच साधे शब्द आणि दोन जोडाक्षरी शब्द वाचून घ्या. ज्या मुलाला मराठी शब्दच वाचता येत नाही, त्याला इंग्रजी वाचनात ढकलू नका. त्याचे इंग्रजी सध्या कानाचे आणि तोंडाचे राहू द्या, वाचनाचा वेळ मराठीला द्या. एका लिपीत ‘चिन्ह म्हणजे आवाज’ हे एकदा उमगले की दुसऱ्या लिपीत ते नव्याने शिकवावे लागत नाही. दोन्ही लिप्या अर्धवट असलेले मूल चौथीपर्यंत दोन्हीकडे अंदाजाने वाचत राहते, आणि तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही.

अक्षरगाठ

‘एम, ए, टी’ वर मूल अडते, कारण ते अक्षरांची नावे जोडू पाहते. नावे जोडून ‘एमेटी’ होईल, ‘मॅट’ होणार नाही. मराठीत ‘क’चे नावही ‘क’ आणि वाचतानाही ‘क’. इंग्रजीत नाव वेगळे आणि आवाज वेगळा, हे मुलाला कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते. पहिलीत पाठ झालेली नावे पुसायची नाहीत, पण पहिले तीन महिने वाचताना फक्त आवाज वापरायचे.

क्रम ए-बी-सी-डीचा नको. एस, ए, टी, पी, आय, एन ही पहिली सहा घ्या. एवढ्यातून सॅट, सिट, सिप, पिन, पॅन, पॅट, टॅप, टिप, टिन, नॅप असे खरे शब्द तयार होतात, म्हणजे दुसऱ्या आठवड्याअखेर मूल खरे वाचू लागते. ए ते एफ घेतली तरी शब्द होतात, पण मग बी आणि डी एकाच आठवड्यात येतात, आणि ‘बॅड’-‘बेड’मधला फरकही लगेच पकडावा लागतो. पुढचा टप्पा सी, के, ई, एच, आर, एम, डी. त्यानंतर जी, ओ, यू, एल, एफ, बी. उरलेली शेवटी. आठवड्याला नवे आवाज तीनच. सोमवार ते बुधवार रोज एक, गुरुवार-शुक्रवारी फक्त जोडणी आणि उजळणी. २६ अक्षरांना नऊ आठवडे लागतात, सुट्ट्या धरून तीन महिने.

आता सगळ्यात जास्त बिघडते ती जागा. आपण एसचा आवाज ‘स’ असा सांगतो, म्हणजे त्यात ‘अ’ मिसळलेला असतो. मग मूल ‘स-ॲ-ट’ असे म्हणते आणि ते जोडून ‘सॅट’ होतच नाही. आवाज पाय मोडून म्हणा: स्, ट्, प्. मुलांना हलंत माहीत नसला तरी कानाने फरक कळतो. एस, एम, एन, एफ यांचे आवाज लांबवता येतात: ‘स्स्स्’, ‘म्म्म्’. टी, पी, के यांचे येत नाहीत, ते झटक्यात म्हणावे लागतात. म्हणून जोडणीचे पहिले शब्द लांबणाऱ्या आवाजाने सुरू होणारे निवडा: ‘सॅट’, ‘सिप’, ‘नॅप’. ‘टॅप’, ‘पिन’ दोन दिवसांनी.

जोडताना तीन तुकडे करण्यापेक्षा दोन करा: ‘सॅ’ आणि ‘ट्’. बाराखडीमुळे आपल्या मुलांना व्यंजन आणि स्वर एकदम उचलायची सवय असते, तिचा इथे थेट उपयोग होतो. फळ्यावर आधी फक्त ‘सॅ’ची दोन अक्षरे लिहा, ती वाचून घ्या, मग शेवटचे अक्षर बदलत जा: ‘सॅ-ट्’, ‘सॅ-प्’. त्यानंतर पहिले अक्षर बदला: ‘सॅप’, ‘टॅप’, ‘नॅप’. एका वेळी एकच अक्षर बदलायचे, हा नियम मोडू नका.

कार्डे विकत घ्यायची गरज नाही. २२ बाय २८ इंचांच्या कार्डशीटची उभी चार आणि आडवी सात घरे पाडली की साडेपाच बाय चार इंचांची २८ कार्डे निघतात. २६ अक्षरांची आणि उरलेल्या दोनांवर ‘श’ व ‘च’चे आवाज देणाऱ्या अक्षरजोड्या. अक्षर तीन इंच उंच, जाड मार्करने, स्वर लाल आणि व्यंजने निळी. कार्डांवर चित्र काढू नका. चित्र असले की मूल चित्र पाहून बोलते.

शाळेची_घंटा

पाय मोडून म्हणायचे हे अगदी पटले. देवनागरीत उच्चार लिहिण्याबद्दल कोणी सांगेल का? पालक वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दावर मराठीत उच्चार लिहून देतात, आणि गाइडांमध्येही तसेच छापलेले असते.

लिपीकार

मुलाच्या वहीत शब्दावर देवनागरी नको. दोन लिप्या एकावर एक असल्या की डोळा ओळखीच्या लिपीकडे जातो. वरची ओळ वाचून होते आणि इंग्रजी ओळ न पाहताच पान उलटले जाते. पण फळ्यावर, क्षणभर, आवाज दाखवायला देवनागरी जरूर वापरा आणि लगेच पुसा. ॲ आणि ऑ ही चिन्हे मराठीत रुळलेली आहेत, ती मोठी सोय आहे. ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांतला फरक मराठी वाचणाऱ्या मुलाला एका चिन्हाने दाखवता येतो. हिंदीत ‘बैट’ लिहितात, त्यामुळे हिंदीतून आलेल्या मुलाला हे ॲचे चिन्ह आधी ओळखीचे करून द्यावे लागते.

देवनागरी कुठे अपुरी पडते तेही सांगतो. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही ‘व’मध्ये जातात. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठ गोल आणि दात दूर. शब्दजोडी: ‘व्हेट’ आणि ‘वेट’. ‘शिप’ आणि ‘शीप’ लिहिताना वेगळे दिसतात, पण आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसे लक्ष देत नाही, त्यामुळे मुलाला ते एकच वाटतात. दीर्घासाठी ओठ ताणून हसल्यासारखे करायला सांगा. ‘थ्री’, ‘थिन’ यांचा आवाज आपला ‘थ’ नाही, जीभ दातांमध्ये येते. एवढ्यावर दुसरीत फार वेळ घालवू नका, अर्थ बदलतो तेवढेच सुधारा.

आता ‘इंग्रजी बाराखडी’विषयी, कारण ती बऱ्याच वर्गांत भिंतीवर असते. के-ए म्हणजे ‘का’, के-आय म्हणजे ‘कि’, के-यू म्हणजे ‘कु’. ती आपली नावे रोमन लिपीत लिहायला उपयोगी आहे, इंग्रजी वाचायला अपायकारक. ती पाठ असलेले मूल ‘सन’ला ‘सुन’ म्हणते आणि ‘मेक’ला ‘माके’. चूक मुलाची नाही. सुनीता, कुर्ला, दादर या शब्दांत ती अक्षरे तशीच वाचली जातात. म्हणून भिंतीवर दोन वेगळे तक्ते करा. एकावर ‘नावे’: मुलांची नावे, वस्तीचे नाव, स्थानकांची नावे. दुसऱ्यावर ‘इंग्रजी शब्द’. नवा शब्द आला की तो कोणत्या तक्त्यावर जाईल ते मुलांनाच ठरवू द्या. स्थानकांच्या पाट्या मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असतात. वाचायला त्या उत्तम आहेत, पण त्या ‘नावे’ तक्त्यावरच्या. ठाण्याचे टी-एच ‘ठ’ आहे आणि ‘थ्री’चे टी-एच वेगळे, हे दोन तक्ते शेजारी असले की मूल स्वतः दाखवते.

कॉटनग्रीन

चाररेघी वहीबद्दल थोडेसे. बी आणि डीची अदलाबदल ही बहुतेक वेळा हाताच्या वळणातून येते. बी: काठी आधी, वरच्या रेघेवरून खाली, मग पोट. डी: गोल आधी, मग काठी. उलट क्रमाने काढणारे मूल गोंधळतेच. वळण बघायचे असेल तर लिहून झालेले नाही, लिहिताना बघा. काही मुले अक्षरांवर शिरोरेषा ओढतात, त्यांना रागावू नये. शब्दांमध्ये एक बोट जागा सोडायला सांगितले की शिरोरेषेची गरज संपते.

गोवंडी_दुपारसत्र

मुंबईत महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. वरच्या सूचना मराठीला धरून आहेत, बाकीच्या भाषांची मुलेही याच वर्गांत येतात, म्हणून भर घालतो.

उर्दू माध्यमात लेखन उजवीकडून डावीकडे, वहीही उलट बाजूने उघडते. त्या मुलांसाठी इंग्रजी वहीच्या प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला हिरवा ठिपका द्या आणि ‘हिरव्यापासून सुरू’ हा एकच नियम ठेवा. कार्डे लावतानाही तुम्ही मुलांच्या समोर उभे असता, त्यामुळे तुमची डावी बाजू त्यांची उजवी होते. कार्डे फळ्याच्या खाचेत लावा, हातात धरून दाखवू नका. हिंदी-उर्दूच्या घरातून ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ येते. ‘इ म्हणू नको’ असे सांगून ते जात नाही. ‘स्स्स्’ लांबवायला लावा आणि त्याच श्वासात ‘कूल’ म्हणायला सांगा, चार-पाच वेळा हळू, मग भरभर.

तमिळ लिपीत प आणि ब, क आणि ग, ट आणि ड यांना वेगळी अक्षरे नाहीत. त्यामुळे ‘पिन’-‘बिन’, ‘टिन’-‘डिन’ यांची अदलाबदल ऐकण्यातच होते. इथे लिहून उपयोग नाही. दोन चित्रे समोर ठेवा, तुम्ही शब्द म्हणा, मुलाने बोट दाखवायचे. दहापैकी आठ बरोबर आले की मगच त्याच्याकडून उच्चार करून घ्या. आधी कानावर काम, मग तोंडावर. हे सगळ्याच भाषांच्या मुलांना लागू आहे.

शाळेची_घंटा

३५ मिनिटांत हे सगळे बसवायचे कसे? आणि मराठीत किती बोलावे?

अक्षरगाठ

पहिली पाच मिनिटे जुन्या आवाजांची कार्डे, भरभर. सगळ्यांनी मिळून एकदा आणि मग बोट दाखवून एकेका मुलाला. पुढची पाच मिनिटे कृती: ‘स्टँड अप’, ‘टच द डोअर’, ‘गिव्ह मी द रेड पेन्सिल’. अशा बारा-पंधरा सूचना महिनाभर पुरतात. दर आठवड्याला दोन जुन्या सोडा, दोन नव्या घ्या. मुलांनी बोलायची सक्ती नाही, करून दाखवायचे. बोलायला तयार झालेले मूल स्वतःच सूचना देऊ लागते, तेव्हा त्याला फळ्याजवळ उभे करा.

मग दहा मिनिटे नवा आवाज आणि जोडणी, सगळ्या वर्गासाठी. पुढची दहा मिनिटे गटात. अडलेला गट तुमच्या जवळ, जमिनीवर कार्डे मांडून. मधला गट जोडीने शब्दपट्ट्या वाचतो. पुढचा गट चार ओळींची गोष्ट वाचून तिचे चित्र काढतो. गटांना रंगांची नावे द्या आणि दर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासून मुले हलवा. न हलणारा गट म्हणजे मुलाच्या नावावर चिकटलेली चिठ्ठी. शेवटची पाच मिनिटे श्रुतलेखन: तीन शब्द, एक वाक्य. फक्त शिकवलेल्या आवाजांचे शब्द. वाक्य ‘सॅम सॅट ऑन द मॅट’ अशा धर्तीचे. ‘द’, ‘इज’, ‘वॉज’, ‘सेड’ असे शब्द आवाज जोडून नीट वाचता येत नाहीत, ते पाहून ओळखायचे. आठवड्याला दोनच, आणि फळ्याच्या एका कोपऱ्यात कायम लिहिलेले ठेवा.

मराठीचे म्हणाल तर सूचना इंग्रजीत, अर्थ एकदा मराठीत, लगेच पुन्हा इंग्रजीत. दुसऱ्या दिवसापासून तीच सूचना मराठीत सांगायची नाही, हाताने खूण करायची. प्रत्येक वाक्याचा अनुवाद देत गेलो की मूल इंग्रजी ऐकायचे सोडते, कारण पुढच्याच क्षणी मराठी येणार हे त्याला ठाऊक असते. नियम समजावताना, चूक का झाली ते सांगताना आणि मूल रडत असताना मात्र खुशाल मराठीत बोला.

वाक्यरचना

वाचनावर खूप आले, वाक्यांवर थोडे लिहितो. तिसरी-चौथीत ज्या चुका दिसतात त्यांचे मूळ बहुतेक वेळा आपण दुसरीत दिलेल्या ‘आहे म्हणजे इज’ या एका सूत्रात असते.

मराठीत ‘माझ्याकडे पेन आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला ताप आहे’. तिन्हीकडे ‘आहे’. इंग्रजीत तिन्हीकडे ‘हॅव’. मूल ‘आहे’ला ‘इज’ धरते आणि ‘माय पेन इज’, ‘मी टू ब्रदर इज’ असे बोलते. म्हणून ‘आय हॅव’ हा एकसंध तुकडा म्हणून द्या, फोड करू नका. फळ्यावर तीन खाने आखा: पहिल्यात ‘आय हॅव, यू हॅव, वी हॅव’, दुसऱ्यात ‘अ, टू, मेनी’, तिसऱ्यात वस्तू. पहिले चार दिवस खाने तसेच ठेवा. पाचव्या दिवशी ‘ही हॅज, शी हॅज’ची ओळ खाली जोडा. दोन्ही एकदम दिली की ‘आय हॅज’ सुरू होते आणि ते जायला वर्ष लागते.

दुसरे, ‘आय ॲम गो टू स्कूल’. ‘मी’ला ‘आय ॲम’ असे पाठ करून घेतल्याचा हा परिणाम. ‘आय ॲम’ फक्त नाव, वय आणि ‘हॅपी, हंग्री’ अशा शब्दांपुढे. क्रियापदे ‘आय रन, आय जंप, आय ईट’ अशी, कृती करत, वेगळ्या आठवड्यात. दोन्ही पक्के होईपर्यंत ‘आय ॲम इटिंग’ आणू नका. पाठ्यपुस्तकात ते आधी आले तर ओळखीपुरते वाचा, सराव नको.

तिसरे, शब्दक्रम. ‘मी आंबा खातो’ यावरून ‘आय मँगो ईट’. नियम सांगून काही होत नाही. तीन मुलांना उभे करा, गळ्यात शब्दपाट्या, आणि मराठी वाक्याच्या क्रमाने उभी असलेली मुले इंग्रजी क्रमाने जागा बदलतात. क्रियापदाचे मूल मधे येते. दहा वाक्ये अशी केली की क्रियापद आपोआप मधे जाते.

चौथे, वस्तूंना ‘शी’. खुर्ची ती, म्हणून ‘शी इज चेअर’. माणसे एका बाजूला आणि वस्तू दुसऱ्या बाजूला अशी चित्रे वर्गीकरण करून घ्या. वस्तूंच्या ढिगावर मोठे ‘इट’ लिहा. ‘अ’ आणि ‘द’च्या चुका दुसरीत सुधारत बसू नका. आपल्याकडे त्यांच्या जोडीचे काही नाही, ते वाचून-ऐकूनच येतात आणि उशिराच येतात.

पाचवी_ते_आठवी

वरच्या वर्गांसाठी. पाचवीपासून पाठाचे भाषांतर आणि प्रश्नोत्तरे लिहून घेणे एवढेच उरते, आणि त्याने बोलणे वाढत नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू, चेन्नई अशा दक्षिणेकडील शहरांतल्या साध्या शाळांमध्ये वेगळी वाट करून पाहिली: व्याकरण समोर न ठेवता मुलांना सोडवायला कोडे द्यायचे, वेळापत्रक, नकाशा, नियम, आणि भाषा त्या कामातून येऊ द्यायची. मुंबईच्या मुलांसाठी लोकलचे वेळापत्रक हे त्याचे तयार साहित्य आहे.

सातवीला असे करा. चार गाड्यांचे वेळापत्रक स्वतः बनवा: सुटायची वेळ, पाच स्थानके, धीमी की जलद. पहिल्यांदा संपूर्ण वर्गासमोर फळ्यावर पाच-सहा प्रश्न सोडवून दाखवा: ‘व्हेन डज द फास्ट ट्रेन लीव्ह?’, ‘व्हिच ट्रेन स्टॉप्स ॲट कुर्ला?’. ही पायरी गाळली की पुढचे सगळे कोसळते, कारण लागणारी वाक्ये मुलांच्या कानावरून गेलेलीच नसतात. मग जोड्या. एकाच्या कागदावर दोन गाड्यांच्या वेळा रिकाम्या, दुसऱ्याच्या कागदावर उरलेल्या दोन. विचारून भरायच्या. मुले कागद एकमेकांना दाखवून टाकतात, म्हणून मधे दप्तर उभे ठेवा. शेवटी एक विचार करायचा प्रश्न, एकेकट्याने लिहून: ‘तुम्हाला सव्वादहाला दादरला पोचायचे आहे, धीमी गाडी चुकली, आता काय कराल?’ उत्तर दोन इंग्रजी वाक्यांत. आपसात मराठी बोलले तर चालेल, भरलेला कागद आणि लिहिलेले उत्तर इंग्रजीत हवे. तपासताना आधी उत्तर बरोबर आहे का ते बघा, भाषा नंतर. तसे केले नाही तर मुले एकेक शब्दच लिहू लागतात, चूक होऊ नये म्हणून.

कृतिपत्रिका_८०

दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीला ८० गुणांची कृतिपत्रिका आणि २० गुण तोंडी व अंतर्गत. त्यात न शिकवलेला उताराही असतो. आठवीपर्यंत फक्त पाठातलीच उत्तरे पाठ केलेले मूल त्या उताऱ्यावर अडकते. वरचा वेळापत्रकाचा प्रकार त्या उताऱ्याचीच तयारी आहे, वेगळा ‘उपक्रम’ म्हणून बाजूला टाकू नका.

बाळूची_आई

पालक म्हणून विचारते. आम्हा दोघांना इंग्रजी येत नाही. घरी काय करावे? शिकवणी लावावी का?

लिपीकार

ताई, दुसरीसाठी शिकवणीची गरज नाही. तुम्हाला इंग्रजी यायची अट नाही. रोज दहा मिनिटे मुलाला शब्दपट्ट्या तुमच्यासमोर वाचायला बसवा. तुम्ही एकच बघायचे: बोट प्रत्येक अक्षराखाली सरकते का, की नजर तुमच्या चेहऱ्याकडे आहे? मग ओळ शेवटच्या शब्दापासून उलट वाचायला सांगा. पाठ केले असेल तर तिथे अडखळतो. बिस्किटाचा पुडा, साबणाचे वेष्टन, औषधाची पट्टी यांवरची ओळखीची अक्षरे शोधायला सांगा. लोकलमध्ये पुढच्या स्थानकाची सूचना मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीनदा येते, ‘नेक्स्ट स्टेशन’ कुठे आले ते त्याला ऐकू द्या. आणि घरी मराठी गोष्टी वाचून दाखवणे थांबवू नका, इंग्रजीसाठी मराठी बंद केली तर दोन्हीचे नुकसान होते.

शाळेची_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डशीट आजच आणते. दोन शंका उरल्या. यात परीक्षेची नोंद कशी बसवायची? आणि आपल्याकडे जूनमध्ये अर्धी मुले गावाहून परतलेली नसतात, जुलैत पाऊस, मग गणपती. आठवड्याला तीन आवाज असे सरळ जाता येईल का?

टिळकनगर_हार्बर

नोंदीचे सोपे आहे. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणारे) मूल्यमापन ७० गुणांचे आणि संकलित (सत्राअखेरचे) ३०, म्हणजे तोंडी काम आणि कृती यांना भरपूर जागा आहे. ‘कविता छान म्हणते’ अशी वर्णनात्मक नोंद नको. ‘१४ आवाज ओळखते, तीन अक्षरी शब्द जोडते, बी-डीत गोंधळते’ अशी लिहा. पुढच्या वर्षीच्या बाईंना तिचा उपयोग होतो. तपासणीचा तोच दोन मिनिटांचा कागद तारीख टाकून नोंदवहीत लावून ठेवा.

गैरहजेरीचे: जूनमध्ये नवे आवाज सुरूच करू नका. पहिले तीन आठवडे फक्त कृती, सूचना, गाणी आणि तपासणी. जुलैपासून आवाज सुरू करा आणि प्रत्येक नवा आवाज त्याच्या दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी पुन्हा यायला हवा. त्यासाठी कार्डांचे चार खोके करा, रोज कोणते खोके उघडायचे ते झाकणावर लिहा. परतलेल्या मुलाला सुटलेले सगळे एकदम शिकवायचे नाही. त्याच्या कागदावर जे आवाज येत नाहीत त्यांवर खूण करा, आणि गटाच्या दहा मिनिटांत रोज एक, त्या आवाजाचे चार शब्द घेऊन. शेजारी वाचता येणारे मूल बसवा, पण त्याला सांगून ठेवा: शब्द सांगायचा नाही, फक्त पहिला आवाज म्हणायचा आणि थांबायचे. पावसाने हजेरी बारा-पंधरावर आली तर त्या दिवशी नवे काही घेऊ नका. अडलेल्या गटातली जी मुले आली असतील त्यांना पूर्ण तासिका द्या. एवढ्या कमी मुलांत प्रत्येकाचे बोट बघता येते, असा दिवस वर्षात फार वेळा मिळत नाही.